अंबीचा चौकोन

शेंद्र्यापलीकडची वस्ती
२७ जानेवारी २०१९

आदिनाथा,

पत्र बघून घाबरू नको, कुणी मेलेलं नाही. घरात फोन एकच, तो मालकांजवळ आहे, अन् मालक मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला गेलेत. इथं चरायला ठेवलंय काय? गायरान होतं तिथं कंपनीचं कुंपण आलं अन् कुंपणाच्या अलीकडं नुसती ढेकळं. म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शिकले हे तुला माहीत आहे, अक्षराला हसलास तर कान पिळीन. सांडू दूधवाल्याची गाडी रोज तुमच्या गारखेड्यात येते, त्याच्याजवळ दिलंय. उत्तर त्याच्याजवळच दे.

काम असं की शीलाचा पाट लावायचा, तिला दुसरं घर बघायचं.

माझ्या बद्रीनाथाला जालना रोडवर ट्रकनं नेलं त्याला होळीला दोन वर्षं होतील. सून चोवीस वर्षांची आहे. माहेर म्हणावं तर एक भाऊ, तो दारात उभी करत नाही. ती काय जन्मभर टँकरच्या रांगेत हंडा धरून उभी राहणार? बाया म्हणतात, सत्यभामा, सुनेला घालवतेस, मग तुझं कोण? म्हणलं, माझं मी बघीन, तुम्ही तुमचे हंडे बघा.

तर समाजाच्या मंडळाचा वधूवर मेळावा आहे, त्याचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा, अन् तो फॉर्म तू बनवलास असं कडूबा म्हणाला. तुझा बाप सांगताना असा फुगला होता, जसं काही तू धरणच बांधलंस. मी फाट्यावर मेघाच्या दुकानात गेले. मेघा म्हणजे अप्पारावची लेक, सगळ्या गावाचे फॉर्म तीच भरते, बाई हुशार आहे. ती वाचायला लागली. नाव, गाव, शिक्षण, हे ठीक. पुढं नुसते चौकोन. पहिला विवाह, चौकोन. विधवा, चौकोन. शेतकरी चालेल, चौकोन. मेंढपाळ चालेल, चौकोन. अरे, लग्न लावतोस का फरशी बसवतोस? मी अर्ध्यातून उठून आले.

मला एवढंच सांग. चौकोन रिकामा ठेवला तर काय जातं? ‘नाही’ असं जातं का?

अंबी पाच वर्षांची झाली. बाप गेला तेव्हा तीनची होती, त्याचं तोंड तिला फोटोतलंच माहीत. तुला तर ती ओळखायची पण नाही. अर्ध्या तासावर राहतोस, दोन वर्षांत आलास कधी?

लवकर कळव, मेळावा तोंडावर आलाय.

तुझी आत्या
सत्यभामा

*

गारखेडा
३० जानेवारी २०१९

आत्या,

अक्षराला हसलो नाही. फरशीला मात्र हसलो, आणि ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं.

चौकोनांचं काम सोपं आहे. जे खरं असेल तिथं टिक करायची, बाकीचे तसेच सोडायचे. रिकाम्या चौकोनातून काहीच जात नाही. ‘होय’ जात नाही आणि ‘नाही’ही जात नाही. त्यामुळे घाबरायचं कारण नाही. उलट सगळीकडे टिक करू नकोस. गेल्या वर्षी एका बाबांनी मंडळाचा मान राखायचा म्हणून दिसेल त्या चौकोनावर टिक केली, आणि त्यांच्या मुलापुढं छापून आलं: पहिला विवाह, विधुर, घटस्फोटित. तिन्ही!

पाच तारखेपर्यंत भर. त्यानंतर आलेली माहिती प्रोग्राममधून सरळ परिचय पुस्तिकेत जाते आणि छापायला जाते. मध्ये कुणी हात लावत नाही, त्यामुळे चुका होत नाहीत.

वहिनींसाठी करतेस ते चांगलं करतेस. आता येतो, येतो म्हणत राहून गेलं हे खरं आहे. बद्री नसताना तिथं यायला पाय उचलत नाही.

आदिनाथ

*

वस्ती
२१ फेब्रुवारी २०१९

आदिनाथा,

फॉर्म भरला. पुस्तिका पण आली. शीला बत्तिसाव्या पानावर आहे, फोटो कोळशासारखा काळा छापलाय, तुझ्या मंडळाला सांग. मी वाचली नाही. अक्षर मुंगीएवढं, अन् आपणच सांगितलेलं आपण काय वाचायचं? शीला दहावी झालेली आहे, ती वाचते. दिवसभर तेच पान काढून बसली होती.

अन् ऐक, माणसं येऊन पण गेली. चिकलठाण्याचा रामेश्वर, कंपनीत पॅकिंगला आहे. बायको बाळंतपणात गेली, बाळ पण गेलं. संगं त्याची आई, म्हाळसाबाई. पाण्याचा तांब्या हातात घेऊन म्हणते, “टँकरचं का हो?”

मी म्हणलं, “नाही, काशीहून मागवलंय.”

ती खो खो हसली. म्हणाली, “आमच्याकडं नळ आहे बाई. पण त्याला आमची आठवण आली तर येतो.” तिथंच मला बाई आवडली.

माणूस बोलायला कमी. अंबी उंबऱ्यात उभी होती, तिला बिस्किटाचा पुडा दिला. “नाव काय बाळा?” तर पोरगी म्हणते, “अंबिका बद्रीनाथ.” बापासकट सांगितलं.

बैठकीला पाच माणसं होती. तुला आठवत नसंल, आमच्यात पाटाच्या बैठकीत पहिल्या घरच्या लेकराचं नाव काढत नाहीत. लेकरू बापाच्या घरचं. आई त्याला नेणार असंल तर आधी त्या घरून निरोप यावा लागतो, नाहीतर ते राहतं तिथंच राहतं. मला वाटलं म्हाळसाबाई मला कोपऱ्यात घेऊन विचारील. नाही विचारलं. उठताना एवढंच म्हणाली, “आम्ही पुस्तिका वाचूनच आलोय. तुम्हाला त्रास होईल असं काही काढायचं नाही आम्हाला.” मी म्हणलं, बरं.

मागून शीलाला विचारलं, “काय गं, पटतंय का?”

“तुम्ही ठरवलं ते बरोबरच असंल.” एवढं बोलली अन् चुलीत फुंकर घालायला लागली. चूल पेटलेलीच होती.

१० मार्चला उरकायचं ठरलंय. त्या माणसाची जरा चौकशी कर.

आत्या

*

गारखेडा
२५ फेब्रुवारी २०१९

आत्या,

चौकशी केली. माणूस सरळ आहे. दारू नाही, कंपनीत नाव चांगलं आहे. पहिल्या बायकोच्या आईला अजून महिन्यातून एकदा भेटून येतो म्हणे.

मला पाटाला येता येणार नाही. ऑफिस पुण्याला पाठवतंय. सांडूजवळ अंबीसाठी फ्रॉक देतोय, आईबरोबर नव्या घरी जाताना घालू दे तिला. वहिनींना लुगडं माझ्याकडून तूच घे.

आदिनाथ

*

वस्ती
२ एप्रिल २०१९

आदिनाथा,

पाट लागला. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहावंसं काही नव्हतं.

सकाळीच उरकलं. दहा माणसं, एक टँकर, गूळभात. निघायच्या वेळी मी छातीवर दगड ठेवून उभी होते. मला वाटलं शीला आता अंबीला कवटाळंल, लोळण घेईल, म्हणंल आत्याबाई, हिला नेते. त्यावर काय बोलायचं ते मी आठ दिवस मनात जुळवत होते. ती काही बोललीच नाही. पोरीचं नाक पुसलं, बटण लावलं, माझ्याकडं एकदा बघितलं, जशी मी कुणी रस्त्यावरची, अन् रिक्षात जाऊन बसली. वळून नाही बघितलं. मी दगड ठेवला होता, ही बाई दगडच निघाली.

रामेश्वर दोन पावलं माघारी आला. अंबीच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलणार होता. मी म्हणलं, “निघा आता, ऊन चढतंय.”

तुझा फ्रॉक मी तिला घातला नाही. पेटीत ठेवलाय.

पोरगी जेवत नाही. सांडूची गाडी आली की पळत जाते अन् वाकून आत बघते. “आई आली?” तो बिचारा रोज तेच म्हणतो, “आज गाडीत नुसतं दूध आहे, अंबूताई.” दुपारी आईचं जुनं पातळ अंगावर घेऊन झोपते. ते धुवू देत नाही. मी धुवायला घेतलं तर माझ्या हाताला चावली.

अन् त्या बाईचा मेघाच्या दुकानावर एक फोन नाही. तेवीस दिवस! ही आई म्हणायची?

माझ्या मनातलं सांगू का? पोरीचं कपाळ, चालणं, रागावलं की खालचा ओठ चावणं, सगळं बद्रीनाथाचं. ती दारातून आत आली की घरात माणूस आल्यासारखं वाटतं. देवानं एक नेला अन् एक ठेवला. राहिली माझ्याजवळ, ते बरं झालं.

आत्या

*

गारखेडा
२० एप्रिल २०१९

आत्या,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

परवा रामेश्वर माझ्या ऑफिसात आला. पाळी संपवून सरळ, हातात डबा. म्हणाला, “शीला जेवत नाही. आठ दिवसांनी नळ आला तरी पाणी भरायचं विसरते. मी म्हणलं, पोरीला घेऊन येऊ का? तर म्हणते, त्या घरानं लिहून दिलंय, आता तो विषय नको. भाऊ, असं कसं लिहून देतात? मी तर माझ्या फॉर्मात मूल असलं तरी चालेल म्हणून टिक केली होती. पुस्तिकेत वाचलं अन् वाटलं, आजीचं एकुलतं पोर गेलंय, ती नातीला सोडत नसंल. तिच्या दुखण्यात हात घालायला नको.”

मी पुस्तिका काढली. पान बत्तीस. मूल आहे: होय. मूल सोबत येणार: नाही.

मग तुझा फॉर्म जसा आला होता तसा उघडला. तिथं ‘नाही’ नव्हतं. तिथं काहीच नव्हतं.

तुला मी लिहिलं होतं, रिकाम्या चौकोनातून काहीच जात नाही. ते खरं आहे. टिक केलेला चौकोन आपलं नाव घेऊन निघतो आणि पलीकडे पोचतो. रिकामा चौकोन जागचा हलतच नाही, त्याचं नावसुद्धा पोचत नाही. त्यामुळे पलीकडच्या प्रोग्रामला कळत नाही की माणूस नाही म्हणाला, की त्याचं अजून ठरायचं आहे, की त्याला कुणी विचारलंच नाही. एवढंच तुला लिहिलं. पुढचं लिहिलं नाही, कारण ते माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं. पुस्तिकेत मोकळी जागा वाईट दिसत होती, म्हणून मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं: ज्याचं नाव आलं नाही तिथं ‘नाही’ छाप. एक ओळ, आत्या. चहा पिता पिता लिहिलेली.

असल्या प्रश्नाला चौकोन ठेवायलाच नको होता. होय, नाही, अजून ठरलेलं नाही, अशी तीन उत्तरं समोर ठेवायची आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकू द्यायचा नाही. आता तसं केलंय. मूल असलेल्या सव्वीस बायका आहेत त्या पुस्तिकेत. एकेकीला फोन करून विचारतोय. एक बाई फोनवर नुसती रडली. दुसरीनं विचारलं, “आता विचारता होय?”

वहिनींना वाटलं तू ‘नाही’ लिहिलंस. तुला वाटलं त्यांना लेकरू नको. दोघींच्या मध्ये माझी ती ओळ उभी होती.

मेघाताईंनी तो चौकोन तुला वाचून दाखवलाच नसणार, घाईत सोडला असणार. त्यांनाही मी फोनवर चांगलंच सुनावलं. पण मुख्य चूक माझी आहे.

अंबीला पाठव. मी न्यायला येतो.

आदिनाथ

*

वस्ती
२५ एप्रिल २०१९

आदिनाथा,

तुला शिकवायला कडूबानं चाळीस मेंढरं विकली होती. त्यातून हे शिकलास?

माणसाला काही विचारलं अन् माणूस गप बसलं, तर त्याच्या तोंडात ‘नाही’ कोंबायचं, हे कुठल्या शाळेत सांगतात? मी नाही म्हणले नव्हते. दाखव, मी कुठं नाही म्हणले. मोकळी जागा वाईट दिसती म्हणून? माझ्या घरात बद्रीनाथाची जागा मोकळी आहे, ती पण भरून टाक तुझ्या मशीननं.

न्यायला येतो म्हणे. दोन वर्षं पाय उचलत नव्हता, आता बरा उचलतो.

पुरे.

सत्यभामा

*

गारखेडा
१९ मे २०१९

आत्या,

तीन आठवडे झाले. सांडू म्हणतो, आत्या गाडीजवळ येतच नाही. म्हणून हे त्याला तुझ्या हातातच द्यायला सांगितलंय.

रामेश्वर केव्हाही यायला तयार आहे, पण वहिनी त्याला येऊ देत नाहीत. म्हणतात, “त्यांनी स्वतः होऊन आणली तर. मागायला जायचं नाही.” मी त्यांना भेटून सगळं सांगितलं, मशीन कसं चुकलं, मी कसा चुकलो. त्या ऐकून घेतात आणि भांडी घासत राहतात.

मंडळानं आता मेघाताईंकडून फॉर्म घेणं बंद केलंय. त्या माझ्याशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही आजींना विचारा.” काय विचारू, आत्या?

१७ जूनला शाळा सुरू होईल. चिकलठाण्यात शाळा त्यांच्या घराच्या मागंच आहे, अंबीचं नाव बालवाडीत घालता येईल. तुझ्याकडून फक्त ‘हो’ पाहिजे. बाकी मी बघतो. सगळा दोष फॉर्मवर टाकू. तुझ्यावर काहीही येणार नाही.

आदिनाथ

*

वस्ती
१२ जून २०१९

आदिनाथा,

फॉर्मवर काही टाकू नको.

आधी मेघाला फोन कर अन् बोललास ते माघारी घे. मंडळाला पण सांग. मग पुढचं वाच.

मेघानं चौकोन वाचला होता. तुला पहिल्या पत्रात लिहिलं, अर्ध्यातून उठून आले. कशावरून उठले ते लिहिलं नाही. त्याच चौकोनावरून उठले. ती म्हणाली, “आजी, मूल सोबत येणार, टिक करू का?” मी गप. “आजी, ऐकताय ना?” मी म्हणलं, उन्हानं डोकं दुखतंय, अन् चालू लागले. जानेवारीत कसलं ऊन.

तुझं उत्तर आलं, रिकाम्यातून काही जात नाही. मला तेच पाहिजे होतं. परत गेले. तिनं परत विचारलं. मी म्हणलं, “राहू दे तसाच.” ती म्हणाली, “शीलाला विचारून येता का? मी दुकान उघडं ठेवते.” मी तिच्यावर ओरडले, “तुला राहू दे म्हणलं ना!” ती बिचारी खालच्या चौकोनाला लागली.

टिक करावी तर पोरगी जाते. नाही म्हणावं तर आईचं लेकरू तोडलं, मेल्यावर बद्रीनाथाला काय तोंड दाखवू? म्हणून म्हणलं, काहीच नको जायला. ज्याला पाहिजे तो विचारील. अन् पोटात हे पण होतं, की कुणी विचारलंच नाही तर पोरगी आपोआप राहते. आमच्यात तसंच होतंय. तुझ्या मशीननं छापलं ते चूकच. पण ते छापलं नसतं तरी मी कुणाला विचारू दिलं नसतं. रामेश्वर माघारी आला तेव्हा त्याला ऊन दाखवलं, ते मशीन नव्हतं, ती मी होते.

महिनाभर मेघा टँकरवर भेटत होती. मला आधी भरू द्यायची, माझा हंडा उचलून डोक्यावर द्यायची. तिच्या पोटावर पाय आला माझ्यामुळं, अन् एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

शनिवारी अंबीला तुझा फ्रॉक घातला अन् बसनं चिकलठाण्याला गेले. मालकांना विचारलं नाही. मेंढरं घेऊन परत येतील तेव्हा कळंल.

दोन खोल्या आहेत, आत ड्रमच ड्रम. शीला दारात ड्रम विसळत होती. लई वाळलीय. अंबीला बघून तिच्या हातातला मग पडला. पोरगी पळत नाही गेली रे. मला धरून उभी राहिली अन् आईकडं बघत राहिली, परक्या बाईकडं बघावं तशी. तीन महिने लेकराला लई होतात. मग शीला खाली बसली, तिथंच ओल्यात. हात पुढं केले नाहीत, हाक मारली नाही, नुसती बसली. मग पोरगी एकेक पाऊल टाकत गेली अन् तिच्या मानेत तोंड खुपसलं. म्हाळसाबाई आतून बघत होती, ती पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेली.

चहा पुढं आला, मी घेतला नाही. म्हणलं, आधी बोलते.

“शीला, चौकोन मी रिकामा ठेवला. मशीनचं काही नाही, मेघाचं काही नाही. मला पोरगी द्यायची नव्हती.”

“माहीत होतं,” ती म्हणाली.

“आदिनाथानं तुला मशीनचं सांगितलं ना?”

“सांगितलं. पण आत्याबाई, तुम्ही अंबीकडं कसं बघता ते मशीनला काय माहीत? मला माहीत होतं.”

मला राग आला. खरं सांगते, तिथं पण रागच आला. म्हणलं, “मग मागितलीस का नाही? तोंडात काय होतं तुझ्या? मी रिक्षा हलंपर्यंत वाट बघत होते.”

“मागितली असती तर दिली असती?”

“दिली असती.” निघूनच गेलं तोंडातून. “शिव्या देऊन दिली असती, पण दिली असती.”

“तेच तर,” ती म्हणाली. “तुम्ही दिली असती. म्हणून नाही मागितली. हे गेले, मी पण चालले होते. त्या घरात तुमच्यापाशी काय राहिलं असतं? वळून बघितलं असतं तर मला निघता आलं नसतं.”

आदिनाथा, बद्रीनाथ गेल्यावर दोन वर्षं आम्ही दोघीच एका चुलीवर जेवलो. मी तिला दगड म्हणले. ते पत्र फाडून टाक. तिनं जाताना पोटचं लेकरू मला ठेवून दिलं, अन् मला वाटलं मी ते राखलं.

रामेश्वर दुपारी आला. पोरीला बघितलं, माझ्या पाया पडला, अन् शाळेत नाव घालायला काय काय कागद लागतात ते विचारायला तसाच परत गेला. माणूस सरळ आहे. माघारी आल्यावर बापाचं नाव काय लावायचं ते त्यानं मला विचारलं. मी म्हणलं, “बद्रीनाथच राहू द्या.” तो म्हणाला, “मी तेच सांगायला आलो होतो.”

निघायला झाले तर अंबी चप्पल घालून माझ्याआधी दारात. “आजी, चल ना. बस जाईल.”

शीलानं माझ्याकडं बघितलं. म्हाळसाबाई भिंतीकडं बघायला लागली. मला वाटलं, पळत पळत बस गाठावी, पोरीला मागून कळंलच. मग म्हणलं, नाही. हे तरी तोंडानं बोलायचं.

खाली बसले. म्हणलं, “तू इथंच राहायचं. आईजवळ. कायमचं. मी एकटी जाणार.”

ती रडली नाही. ओठ चावून विचार केला. मग म्हणाली, “तुझे केस कोण विंचरणार?”

रोज टँकर यायच्या आधी ती माझ्या पाठीमागं उभी राहायची अन् विंचरायची. विंचरायची कसली, अर्धे उपटायची. मी म्हणलं, “माझे मी विंचरीन.”

शनिवारपासून आज चार दिवस झाले. आज फणी घेतली. गुंता लई झालाय, हात मागं पोचत नाही.

आत्या